लोखंडी पाइपचं जू: घेतल्यावर आठ महिन्यांनी

जुलैचा दुसरा आठवडा, सोयाबीनची कोळपणी, म्हणजे बैलांच्या कोळप्यानं ओळींमधलं तण काढणं, ऐन भरात. संध्याकाळी जू उतरवलं तर पाइपला पांढरे केस चिकटलेले, वेल्डिंगच्या शिवणीत अडकलेले. माझ्या हौशा बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. कातडं तापलेलं, मध्ये रुपयाएवढी जागा ओली. त्यानं झटक्यात मान काढून घेतली. खिलार जनावर तापट असतं हे मान्य, पण तोवर हा बैल माझ्या हाताला कधी बिचकला नव्हता.

पॉवर टिलरचा गिअरबॉक्स गेला, दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतून हौशा-पाखऱ्याची जोडी आणली. घरचं बाभळीचं जू किडीनं खाल्लेलं. सुतारमामांनी नव्याचे ३,५०० सांगितले, बाजारात लोखंडी १,८०० ला मिळालं. तेच घेतलं. वजनाला हलकं, शिवळांना (मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना) भोकं जास्त, म्हणजे गाडीला आखूड आणि कोळप्याला लांब असं एकच जू चालतं. मार्चमध्ये मी निपाणीच्या दोघातिघांना ‘घ्या’ म्हणून सांगितलं होतं. तो शब्द मागे घेतो.

बैलांबद्दल मात्र तक्रार नाही. नांगरटीला ट्रॅक्टरच बरा, पण पावसानं उघडीप दिली आणि घात आली, म्हणजे जमीन मशागतीजोगी झाली, की कोळपं घेऊन त्याच सकाळी रानात जाता येतं. तोंडाला मुसकी बांधली की ओळीतलं पान मोडत नाही. तंबाखूला तर कोळपण्यांवर कोळपण्या लागतात, तिथं टिलरची आठवणसुद्धा आली नाही.

म्हणूनच त्या खांद्याचं जास्त लागलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, माशी बसू देऊ नका, जखम पूर्ण भरेपर्यंत जुंपू नका. १८ दिवस बैल दावणीला. पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या रानात अदलाबदलीनं कामाला, गावात जोडीच उरलेली नाही, म्हणून सहा बायका चार दिवस भांगलणीला लावल्या, ३०० रुपये हजेरीनं ७,२०० गेले. जुवात वाचवले होते १,७००.

मी सगळा राग लोखंडावर काढत होतो. सुतारमामा म्हणाले, “लोखंडाला कशाला नावं ठेवतोस? खांद्याला किती जागा टेकतीय ते बघ की.” बरोबर होतं. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ओढ सतत देऊ शकतो. साडेचारशे किलोचे दोन धरले तर ९० किलो, आणि ती सगळी जुवातून खांद्यावर येते. लाकडी जू खांद्याच्या जागी रुंद खोलगट तासलेलं असतं. गोल पाइप नुसत्या एका रेघेवर टेकतो, त्यात त्या रेघेवर वेल्डिंगचा खडबडीत टाका. १९६५ च्या सरकारी नियमांत जनावर दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त जुंपायला मनाई आहे. मी सहाच्या वर कधी गेलो नव्हतो, तरी खांदा फुटला.

एक गोष्ट अजून टोचते. ज्येष्ठातल्या कर्नाटकी बेंदराच्या आदल्या दिवशी याच खांद्याला हळद-लोणी चोळलं होतं. तेव्हाच एका जागी केस विरळ झालेले बोटांना लागले होते. खांदेमळणी कशासाठी असते? खांदा हातानं तपासला जावा म्हणूनच ना? मी चोळलं आणि पुढं गेलो.

ऑगस्टमध्ये नव्या लाकडी जुवासाठी बैल सुतारमेटावर, मामांच्या कामाच्या जागी, नेले. मामांनी दोघांच्या माना सुतळीनं मापल्या. पाखऱ्याची मान जाड निघाली, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या शिवळांचं अंतर वेगळं ठेवलं. कोणत्या बाजारातलं तयार जू असं बसणार? लोखंडीच घ्यायचं असेल तर खांद्याच्या जागी रुंद, गुळगुळीत लाकूड बसवून घ्या आणि बैल समोर उभे करूनच घ्या.

परवा तंबाखूची दुसरी कोळपणी झाली. जू उतरवल्यावर दोघांचे खांदे तळहातानं दाबून पाहिले. हौशानं मान काढून घेतली नाही.