डोळ्याचा पडदा सुटल्यावर: नुसती शस्त्रक्रिया की सोबत स्टेरॉइडची कांडी?

शस्त्रक्रियेनं डोळ्याचा पडदा बसवला तरी काहींच्या पडद्यावर व्रणासारखे पापुद्रे धरतात आणि तो पुन्हा ओढला जातो. यात दाहाचाही हात असतो; मग तो थोपवायला स्टेरॉइड द्यावं, असं वाटणं साहजिकच. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातल्या चाचणीत असे १४० रुग्ण होते. काहींना नेहमीची शस्त्रक्रिया, म्हणजे पडदा जागेवर धरून ठेवायला डोळ्यात काही काळ सिलिकॉन तेल भरून, बाकीच्यांना शिवाय डोळ्यात हळूहळू विरघळणारी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ०.७ मिलिग्रॅमची कांडी. पुन्हा शस्त्रक्रिया न लागता, तेल काढूनही पडदा जागेवर राहिला तो कांडीवाल्यांत ४९ टक्के, नुसत्या शस्त्रक्रियेत ४६. म्हणजे फरक नाहीच, नजरेतही नाही. पडद्याच्या मध्यभागाची सूज मात्र कांडीवाल्यांत कमी जणांना होती: ६७ऐवजी ४३ टक्के. तेवढ्यासाठी स्टेरॉइडनं डोळ्याचा दाब वाढण्याची जोखीम मी सरसकट घेणार नाही. सूज हटतच नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारेन.