३००० वॅटचा ट्रान्सफॉर्मर, पण प्लग १५ अँपिअरचा

खोक्यावर ठळक '३००० वॅट' आणि विकणाऱ्याची खात्री: "२४० व्होल्टचं काहीही लावा, बिनधास्त चालेल." अमेरिकेसारख्या देशातल्या १२० व्होल्टच्या घरात असा स्टेप-अप (१२० चे २४० व्होल्ट करणारा) ट्रान्सफॉर्मर नेणाऱ्याची इथेच फसवणूक होते. पैसे ३००० वॅटचे जातात, उपयोग निम्म्याच्या आसपास.

हिशेब साधा आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, वॅट नाही. बाहेर जेवढे वॅट हवेत तेवढे, वर ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा तोटा, सगळं भिंतीतल्या सॉकेटमधूनच यायचं. १२० व्होल्टवर ३००० वॅट म्हणजे २५ अँपिअर. सॉकेट १५ चं, म्हणजे कमाल १८०० वॅट. तासन्‌तास चालणारा लोड असेल तर त्याचे ८० टक्के, १४४० च धरायचे. त्याच सर्किटवर फ्रिज असेल तर आणखी कमी. २००० वॅटची किटली लावली की जवळपास १७ अँपिअर ओढले जातात. एवढ्याशा ओव्हरलोडला ब्रेकर लगेच पडत नाही. तोवर प्लगच्या पिना तापत राहतात.

तक्रार केली की उत्तर तयार: "तुमचा ब्रेकर कमजोर आहे, २५ चा टाकून घ्या." हे कृपा करून अजिबात करू नका. भिंतीतली वायर १५ अँपिअरच्या हिशेबाने टाकलेली असते. ब्रेकर मोठा केला तर वायर तापेल, इन्सुलेशन वितळेल आणि ब्रेकर मात्र पडणार नाही. आग लागते ती अशीच.

ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावरचा आकडाही अनेकदा खोटाच असतो. सतत ३००० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, इथे वॅटच समजा) देणारा ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) ट्रान्सफॉर्मर, साधारण १० किलोच्या पुढे जातो. चार किलोच्या डब्यात तेवढा कोअर (लोखंडी गाभा) आणि तांबं मावतच नाही. कॉर्डवर छापलेलं वाचा. ०.७५ चौरस मिलिमीटर असेल तर ती ६ अँपिअरची वायर आहे. आत वाइंडिंग तांब्याच्या रंगाचं दिसलं तरी टोक खरवडून पाहा, तारेवरच्या लाखेखाली पांढरं ॲल्युमिनियम निघू शकतं.

घेताना पीक किंवा मॅक्स आकडा धरू नका. 'सतत किती व्हीए' हे बिलावर लिहून मागा. दुकानात तेवढे अँपिअर देणारं सॉकेट असेल तर तिथेच पूर्ण लोडवर अर्धा तास चालवून आउटपुट मोजा: २४० वरून २१५ वर घसरलं किंवा लाखेचा वास आला, तर तिथेच परत करा.