वरांगरच्या वेडर्ससाठी निकॉन झेड १८०-६००: खरी कमाई जवळच्या फोकसची

आर्क्टिकला वेडर्स (उथळ पाण्यात, चिखलात चरणारे पक्षी) कॅमेऱ्यात टिपायला जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: ६०० एमएम पुरेल का? नॉर्वेच्या वरांगर द्वीपकल्पापुरतं उत्तर सोपं आहे. पुरेल, आणि बऱ्याचदा जास्तच होईल. भिगवणला होडीतून ज्यांच्यामागे फिरावं लागतं ते रफ आणि टेमिंक्स स्टिंट इथे विणीच्या पिसाऱ्यात असतात, आणि तुम्ही पालथे पडून हलला नाहीत तर चालत जवळ येतात. लेन्स अडते ती तिथे: फार जवळ आलेल्या पक्ष्यावर फोकसच होत नाही.

निकॉनच्या तीन लेन्सचे आकडे शेजारी ठेवले की मुद्दा कळतो. ८०० एमएम एफ/६.३ चा किमान फोकस (याहून जवळचं धरता येत नाही) ५ मीटर, ६०० एमएम एफ/६.३ चा ४ मीटर, आणि १८०-६०० झूमचा ६०० एमएमला २.४ मीटर. आणि जी जास्त जवळ फोकस करते तीच स्वस्त. १८०-६०० अमेरिकेत २०२३ मध्ये १,७०० डॉलरच्या आसपास आली, त्याच वर्षी आलेल्या ६०० प्राइमला (झूम नसलेल्या लेन्सला) ४,८०० च्या आसपास मोजावे लागत होते. प्राइम लेन्स धारदार आहेत, हलकीही आहे त्यातली ६०० (ट्रायपॉड कॉलरसह १,४७० ग्रॅम, झूम २,१४० ग्रॅम). पण स्टिंट ३ मीटरवर येऊन उभा राहिला की त्या धारेचा उपयोग शून्य.

वाड्सो गावासमोरच्या वाड्सोया बेटावर एक छोटं तळं आहे. १९२६ मध्ये ध्रुवसंशोधक आमुंडसेनचं ‘नोर्गे’ हे हवाई जहाज ज्या मनोऱ्याला बांधलं होतं तो मनोरा याच बेटावर. तळ्यावर रेड-नेक्ड फॅलरोप येतात. स्कँडिनेव्हियातले हे पक्षी हिवाळा अरबी समुद्रात काढतात, त्यामुळे आपल्याकडे ते दिसले तर करड्या रूपात, खोल पाण्यात, हलत्या बोटीवरून. इथे ते १८ सेंटीमीटरचे पक्षी काठाशी भोवऱ्यासारखे गिरक्या घेत किडे वेचतात. (जास्त रंगीत ती मादी. अंडी उबवतो फिकट नर.)

हिशोब असा: फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० एमएमला ५ मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण ३० सेंटीमीटर. फॅलरोप त्यात निम्म्याहून जास्त जागा घेतो, चोचीपुढे थोडं पाणीही राहतं. २.४ मीटरवर फ्रेम जेमतेम १४ सेंटीमीटर, म्हणजे टेमिंक्स स्टिंट या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेव्हा ४०० वर या. झूम रिंग पूर्ण फिरवायला फक्त ७० अंश लागतात, मनगट एकदा वळवलं की काम झालं. लेन्सची लांबी बदलत नाही, म्हणून पालथं पडून झूम करताना तोल जात नाही आणि पुढचं टोक पक्ष्याच्या दिशेने सरकत नाही. जवळ आलेला पक्षी नेमका अशा हालचालीला बुजतो.

आता फसगत. नळीवर फोकस लिमिटरचा खटका आहे: ‘फुल’ किंवा ‘६ मीटर ते अनंत’. स्कुआसारख्या उडत्या समुद्रपक्ष्यासाठी तो ६ मीटरवर नेला आणि तसाच राहिला, की फॅलरोप ४ मीटरवर येतो आणि लेन्स काही केल्या फोकस धरत नाही. लेन्स बिघडली असं वाटतं. काठावर आडवं होण्याआधी खटका बोटाने चाचपून घ्या.

५ मीटरवर एफ/६.३ ला डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) अडीच सेंटीमीटरच्या आसपास. गिरकी घेणारा पक्षी आडवा असेल तेव्हाच चोच आणि डोळा दोन्ही धारेवर येतात. एफ/८ केलं तरी तीन-साडेतीनच मिळतात, त्यामुळे छिद्र लहान करण्यापेक्षा आडव्या क्षणाची वाट पाहणं फायद्याचं. शटर १/२००० ठेवा, मध्यरात्रीच्या उन्हात पक्षी उभा असेल तर १/८०० पर्यंत उतरा. निकॉनच्या झेड ८ कॅमेऱ्याला फर्मवेअर २.०० पासून पक्ष्यांसाठी वेगळी ओळख आहे, ती लावा. पाण्यातलं प्रतिबिंब जवळ असेल तर एएफचं (ऑटोफोकसचं) क्षेत्र मात्र लहान करा, नाहीतर फोकस अधूनमधून उलट्या डोळ्यावर जाऊन बसतो.

रफच्या नाचाच्या जागी ऑटो एक्स्पोजर बंद. एक नर पांढराशुभ्र, शेजारचा काळा, दोघे एकाच फ्रेममध्ये उड्या मारतात आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गोंधळतो. पांढऱ्या नराच्या गळ्याभोवतीच्या पिसांवर प्रकाश मोजून मॅन्युअल लावायचं, काळ्याचा तपशील रॉ फाइलमधून वर काढता येतो.

लेन्सच्या पायाबद्दल (ट्रायपॉडवर बसणाऱ्या फूटबद्दल) तक्रार आहे. मूळ फूट आर्का-स्विस खाचेचं (ट्रायपॉडच्या पकडीत थेट सरकणारं) नाही, प्लेट वेगळी लावावी लागते, आणि त्याने लेन्स आणखी उंच होते. पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत यायचं तर दर सेंटीमीटर मोलाचा. खाच असलेलं बुटकं बदली फूट घ्या आणि ते पसरट ग्राउंड पॉडवर (जमिनीवर सरकवायच्या तबकडीवर) बसवा. ओल्या वाळूवर पॉड छान सरकतो, गोट्यांवर खरखरतो. तिथे बीनबॅग बरी: रिकामी न्या, वाड्सोच्या दुकानात २ किलो तांदूळ भरा.

वरांगरमधल्याच नेसेबी गावाच्या चर्चजवळच्या चिखलपट्टीवर भरतीच्या दोन तास आधी पोचा. पाणी चढतं तसे पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात. ओहोटीला ते दूर असतात आणि मग १.४ एक्स टेलिकन्व्हर्टरचा (पोच वाढवणाऱ्या जोडलेन्सचा) मोह होतो. लावता येतो, पण ८४० एमएम एफ/९ ला एएफ मंदावतो, आणि ऊन असेल तर हीट हेझ (तापलेल्या हवेची थरथर) आधीच सगळं खाऊन टाकते. दुपारी ३०-४० मीटरपलीकडच्या पक्ष्याची पिसं कुठल्याच लेन्सने सुटी होत नाहीत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळत नाही, तेव्हा रात्री १० ते पहाटे ४ काम करा आणि दुपारी झोपा. याच वेळी उगवतो लेन्सचा दुसरा उणेपणा: ही निकॉनच्या वरच्या दर्जाच्या एस-लाइनमधली नाही, सूर्य समोर खाली असताना कॉन्ट्रास्ट पडतो. हूड कायम लावलेलं असू द्या.

गाडीतून काढणार असाल तर हीटर बंद करून सगळ्या काचा १५ मिनिटं आधी उघडा. खिडकीतून बाहेर जाणारी ऊबदार हवाच चित्र लाटाळ करते. खोलीतून बाहेर काढलेली लेन्सही अर्धा तास थंड होऊ द्यावी. परतताना उलट: बॅगेची चेन लावूनच आत या, नाहीतर काचेवर दव धरेल. फ्योर्डच्या (समुद्राच्या खाडीच्या) पाण्याचे शिंतोडे उडाले असतील तर गोड्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने नळी पुसा.

२.४ मीटरचा फोकस आहे म्हणून तेवढं जवळ सरपटत जायचं नाही, अंतर पक्ष्याने कमी करायचं. स्टिंट तुमच्याभोवती सतत ओरडत फिरू लागला किंवा जखमी असल्याचं सोंग करू लागला तर घरटं जवळ आहे. आल्या वाटेने मागे फिरा. त्या वाऱ्यात उघडी अंडी लवकर गार होतात, आणि कावळे माणसाच्या हालचालीवर लक्ष ठेवून असतात. नॉर्वेत रस्ता सोडून गाडी घालणं बेकायदेशीर आहे, चार चाकं थांब्यावरच ठेवा.

घ्यावी का? झेड कॅमेरा असेल आणि फॅलरोप, स्टिंट, डनलिन यांच्यासाठी जात असाल, तर हीच. हॉर्नोया या पक्षी-बेटाच्या कड्यांभोवती उडणारे पक्षी हाच मुख्य बेत असेल, तर हातात तासन्तास धरायला ६०० प्राइम परवडते, खिशाला नसली तरी खांद्याला.