पुस्तक निवडताना कोणाचे ऐकावे? वयाचा शिक्का, तारे, पारितोषिक, परीक्षण आणि ग्रंथपाल यांची तुलना

सात वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा भाचा, सत्तरीला आलेले वडील आणि आपण स्वतः, अशा चौघांसाठी एकदमच पुस्तके निवडायला बसलेल्या माणसाला सल्ल्याची वानवा नसते. मुखपृष्ठावर वयोगट छापलेला असतो, संकेतस्थळावर ताऱ्यांची सरासरी दिसत असते, एखाद्या पुस्तकावर पारितोषिकाची मोहोर असते, नियतकालिकात परीक्षण आलेले असते आणि ग्रंथालयात पाऊल टाकले तर ग्रंथपालही असतो. हे पाचही सल्लागार आपापल्या परीने खरेच बोलतात. मात्र प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो आणि आपण ते उत्तर 'हे पुस्तक घ्यावे की नाही' या आपल्या प्रश्नाला चिकटवून मोकळे होतो. म्हणून येथे तुलना करताना 'सर्वांत विश्वासू कोण' हे न पाहता, कोणत्या वाचकासाठी आणि कोणत्या साहित्यप्रकारासाठी कोणाचे ऐकावे, हे पाहिले आहे.

वाचकाची तीन वये

जन्मतारखेवरून कळणारे वय पुस्तक निवडायला फारसे उपयोगी पडत नाही, कारण वाचकाला एकाच वेळी तीन वये असतात. स्वतः वाचून समजेल असा मजकूर किती अवघड असू शकतो, हे त्याचे भाषेचे वय. कोणते दुःख, भय किंवा गुंतागुंत त्याला पेलते, हे आशयाचे वय. आणि कोणत्या वयाच्या माणसांच्या गोष्टीत त्याचे मन रमते, हे आवडीचे वय. झपाट्याने वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचे भाषेचे वय पंधरा असू शकते, पण म्हणून पंधरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली हिंसा तिला पेलेल असे नाही. उलट, वाचनात मागे पडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेच्या पातळीचे म्हणून सशाच्या पिल्लाची गोष्ट दिली, तर त्याला ते पुस्तक हातात धरण्याचीही लाज वाटेल. ही अडचण ओळखून काही प्रकाशक भाषा सोपी आणि विषय मोठ्यांचा अशी पुस्तके मुद्दाम काढतात. 1998 मध्ये एडिंबरो येथे सुरू झालेली 'बॅरिंग्टन स्टोक' ही प्रकाशनसंस्था डिस्लेक्सिया (अक्षरे-शब्द वाचण्यात येणारी अडचण) असलेल्या मुलांसाठी हेच काम करते. नवसाक्षर प्रौढाच्या बाबतीत हा भेद सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो आणि नेमका तिथेच तो सर्वांत जास्त वेळा विसरला जातो: अक्षरओळख नवी आहे म्हणून त्याला बालगीतांचे पुस्तक देणे हा त्याच्या आयुष्यभराच्या अनुभवाचा अपमान आहे.

छापील वयोगट आणि मोजलेली पातळी

या दोन गोष्टी सारख्याच वाटतात, पण त्यांत फरक आहे. छापील वयोगट हा प्रकाशकाचा अंदाज असतो आणि त्यात आशयाच्या वयाचा थोडाफार विचार झालेला असतो. 2008 मध्ये ब्रिटनमधील प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वयाचे आकडे छापण्याचे ठरवले, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह अनेक लेखकांनी त्याला जाहीर विरोध केला. मुखपृष्ठावर 'सात' लिहिलेले पुस्तक नऊ वर्षांचे मूल हातात घेणार नाही, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता आणि मुलांच्या सहवासात राहणाऱ्या कोणालाही तो पटेल. तरीही मुलाला मुळीच न ओळखणाऱ्या माणसाला, म्हणजे दूरच्या नातलगाला भेट द्यायची असेल तेव्हा, हा आकडा काहीच नसण्यापेक्षा बरा असतो.

मोजलेली पातळी मात्र केवळ भाषेचे वय सांगते. रुडॉल्फ फ्लेश यांनी 1948 मध्ये मांडलेल्या वाचनसुलभतेच्या सूत्रात वाक्यातील शब्दांची आणि शब्दातील उच्चारावयवांची सरासरी मोजली जाते. 1975 मध्ये अमेरिकी नौदलासाठी जे. पीटर किंकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सूत्राचे इयत्तेत रूपांतर केले. 'लेक्साइल' ही आज शाळांत वापरली जाणारी पद्धतही वाक्याची लांबी आणि शब्दांची वारंवारता यांवरच उभी आहे. परिणाम काय होतो, हे एका उदाहरणावरून दिसते. जॉन स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीचा लेक्साइल आकडा 680 आहे आणि अमेरिकेतील सामायिक शालेय मानकांत दुसरी-तिसरीसाठी सुचवलेला पट्टा 420 ते 820 असा आहे. मंदीत देशोधडीला लागलेल्या कुटुंबाची ही कथा आठ वर्षांच्या मुलासाठी आहे, असे कोणीही म्हणणार नाही. पण संवादातील छोट्या वाक्यांमुळे यंत्राला ती सोपी वाटते. मराठीत तर ही सूत्रे जशीच्या तशी लावताच येत नाहीत, कारण नवशिक्या वाचकाला अडवतात ती जोडाक्षरे आणि सामासिक शब्द, आणि त्यांचा हिशेब या सूत्रांत नाही. शिवाय 'मी कोण?' हे दोन शब्दांचे वाक्य सात वर्षांची मुलगी एका दमात वाचेल. त्याचा अर्थ लावण्यात कित्येकांचा जन्म गेला आहे.

पातळीच्या आकड्यावर फार विसंबू नये याचे आणखी एक कारण आहे. 1988 मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन मुलांना वाचायला दिले, तेव्हा वाचनात कच्ची असलेली पण खेळ ठाऊक असलेली मुले, वाचनात पक्की असलेल्या पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यामुळे चौदा वर्षांच्या भाच्याला अंतराळयानांचे वेड असेल, तर त्या विषयावरचे पुस्तक त्याच्या 'पातळी'च्या वरचे असले तरी बिनधास्त द्यावे.

तारे आणि पारितोषिके

वाचकांच्या ताऱ्यांची सरासरी वाचायलाही थोडी साक्षरता लागते. 'गुडरीड्स'वर दोन तारे म्हणजे 'ठीक होते' आणि तीन तारे म्हणजे 'आवडले', अशी त्या संकेतस्थळाचीच व्याख्या आहे. म्हणजे साडेतीन ही सरासरी तिथे मुळीच वाईट नाही. मालिकेतील पुढच्या भागांना पहिल्यापेक्षा जास्त तारे मिळालेले दिसले, तर लेखक भागागणिक सुधारत गेला असे लगेच समजू नये, कारण ज्यांना पहिला भाग आवडला नाही ते दुसऱ्याकडे वळलेलेच नसतात. अभ्यासक्रमाला लावलेल्या अभिजात पुस्तकाचे याच्या उलट होते: सक्तीने वाचणाऱ्यांचा वैताग त्याच्या सरासरीत उतरतो. आणि चित्रपुस्तकाला तारे देतात ते आईवडील; ज्याच्यासाठी ते पुस्तक आहे त्याला अजून खाते उघडता येत नाही.

पारितोषिक हा तुलनेने गंभीर सल्लागार आहे, पण वयाच्या बाबतीत तो जवळजवळ मुका आहे. अमेरिकेत 1922 पासून दिले जाणारे न्यूबेरी पदक चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या साहित्याचा विचार करते. 2016 मध्ये ते एका चित्रपुस्तकाला मिळाले, तर चित्रांसाठीचे कॅल्डेकॉट पदक 2008 मध्ये पाचशेहून अधिक पानांच्या पुस्तकाला मिळाले. पदकाची मोहोर पाहून पुस्तक घेणाऱ्याने आतली पाने चाळली नाहीत, तर सात वर्षांच्या मुलीला तेरा वर्षांच्या मुलाचे पुस्तक सहज मिळू शकते. शिवाय परीक्षक मोठी माणसे असतात आणि त्यांना भावणारी संयत, करुण कथा मुलांना भावेलच असे नाही.

तारे आणि पारितोषिक यांचे परस्परांशी असलेले नाते तर फारच मजेदार आहे. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पारितोषिक मिळालेल्या पुस्तकांचे वाचकांकडून होणारे मूल्यमापन, अंतिम यादीत येऊन पारितोषिक हुकलेल्या पुस्तकांच्या तुलनेत, घोषणेनंतर अधिक घसरते. पुस्तक अर्थातच तेच राहते. मोहोर पाहून आलेल्या नव्या वाचकांत, एरवी त्या प्रकारच्या पुस्तकाकडे न वळणारे पुष्कळ असतात. माझ्या मते पुस्तकांच्या शिफारशीविषयी इतके नेमके बोलणारा दुसरा अभ्यास क्वचितच असेल.

साहित्यप्रकारानुसार परीक्षणाचे वजन

परीक्षण कोणत्या प्रकारच्या पुस्तकाचे आहे, त्यावर त्याचे वजन ठरते. रहस्यकथेच्या परीक्षकाचे हात बांधलेले असतात, कारण मुख्य गोष्ट त्याला सांगता येत नाही. तिथे ताऱ्यांची गर्दी अधिक उपयोगी पडते, कारण वाचकांच्या अपेक्षा बऱ्याच अंशी समान असतात: खिळवून ठेवावे आणि शेवट फसवणूक करणारा नसावा. ललित कादंबरीसाठी एकाच परीक्षकाचे लेखन काही काळ वाचून त्याची आवड आपल्याशी कुठे जुळते आणि कुठे नाही, हे पारखून घ्यावे. ज्याच्याशी आपले नेहमीच बिनसते असा परीक्षकही उत्तम सल्लागार असतो. त्याने झोडपलेले पुस्तक घ्यावे. कवितेसाठी मात्र कोणाचेच ऐकू नये. कोणतेही पान उघडून दोन कविता वाचाव्यात, एक मोठ्याने, आणि निर्णय घ्यावा.

चरित्र आणि इतिहास यांच्या बाबतीत परीक्षणाला पर्याय नाही, परंतु ते त्या विषयाच्या जाणकाराने लिहिलेले हवे. पुस्तक रंजक आहे हे तारे सांगतील. लेखकाने अस्सल कागदपत्रे पाहिली की आधीच्या चरित्रांतलेच पुन्हा लिहिले, हे जाणकारच सांगू शकतो. जाणकार हाताशी नसेल तर शेवटची पाने आधी उघडावीत: संदर्भसूची आणि निर्देशसूची नसलेला इतिहासग्रंथ कादंबरी म्हणून वाचायला हरकत नाही. विज्ञानाच्या बालपुस्तकासाठी आवृत्तीचे वर्ष पाहावे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ऑगस्ट 2006 मध्ये प्लुटोला बटुग्रह ठरवले; नव्या म्हणून समोर आलेल्या पुस्तकात अजूनही नऊ ग्रह असतील, तर बाकीची माहितीही कधीची आहे याचा अंदाज येतो. आरोग्यावरील पुस्तकांना हीच कसोटी अधिक कडकपणे लावावी.

ग्रंथपाल

माझा स्वतःचा कल ग्रंथपालाकडे आहे, हे इथे सांगून टाकतो. वर उल्लेखिलेल्या चौघांना पुस्तक ठाऊक असते, पण वाचक ठाऊक नसतो. 'काय वाचायला आवडते?' असा उलट प्रश्न विचारणारा हा एकटाच. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील दोन सूत्रे, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हेच सांगतात. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी या संभाषणाला एक उपयुक्त वळण दिले आहे: वाचक पुस्तकात कथानक, पात्रे, परिसर किंवा भाषा यांपैकी एखाद्या दारातून शिरतो, तेव्हा विषय विचारण्यापेक्षा दार ओळखावे. वडिलांना ऐतिहासिक कादंबरी आवडते असे आपण समजत असतो, पण त्यांना प्रत्यक्षात गड, वाटा आणि डोंगरदऱ्यांची वर्णने आवडत असतील, तर पुढचे पुस्तक इतिहासाचे नसून प्रवासवर्णन असायला हवे. या सल्लागाराची मर्यादा एकच: त्याला वेळ द्यावा लागतो, आणि मनातले खरे सांगावे लागते. आपल्याला भयकथा आवडतात हे सांगायला लाजणाऱ्या प्रतिष्ठित वाचकाला तो मदत करू शकत नाही.

चौघांचा निर्णय

सात वर्षांच्या मुलीसाठी दोन पुस्तके घ्यावीत: एक तिला स्वतः वाचता येईल असे, ज्यात पातळीचा आकडा किंवा जोडाक्षरांची संख्या पाहावी, आणि दुसरे वाचून दाखवण्यासाठी, ज्यात ती पाहू नये, कारण या वयात कानांनी कळणारी भाषा डोळ्यांनी वाचता येणाऱ्या भाषेच्या बरीच पुढे असते. भाच्याच्या बाबतीत समवयस्कांचे ऐकावे आणि आशयाबद्दल शंका असल्यास पुस्तक आधी स्वतः वाचावे. त्याच्या हातातून ते काढून घेण्यापेक्षा हे सोपे पडते. वडिलांसाठी साहित्यप्रकाराच्या आधी अक्षरांचा आकार पाहावा. मोठ्या अक्षरांतील आवृत्त्या साधारणपणे 16 पॉइंट किंवा त्याहून मोठ्या टाइपात छापतात. तशी मिळाली नाही तर ई-वाचकावर अक्षर वाढवता येते, आणि आठशे पानांच्या ग्रंथाचे ओझे मनगटाला होते तेही वाचते. स्वतःसाठी, परीक्षणावरून तीन पुस्तके निवडून त्यांतील एक ग्रंथपालाच्या सांगण्यावरून बदलावे, असे मी सुचवेन.

निवड चुकली तर काय करावे, यासाठीही पर्ल यांचाच एक नियम आहे: पन्नास पाने वाचावीत आणि मन रमले नाही तर पुस्तक बाजूला ठेवावे; वयाची पन्नाशी उलटल्यावर शंभरातून वय वजा करून येतील तेवढीच पाने द्यावीत. त्या हिशेबाने सत्तर वर्षांच्या वडिलांना तिसाव्या पानावर थांबण्याची मुभा आहे. सात वर्षांच्या मुलीला हा नियम लागू करण्याची वेळ येणार नाही, कारण न आवडलेले पुस्तक ती तिसऱ्याच पानावर मिटते आणि आवडलेले अकराव्यांदा वाचून दाखवायला लावते. अशा वेळी नवे पुस्तक पुढे करण्याची घाई करू नये.