तलाव की कुंभारकन्या?
ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या दोन गोष्टी सोलापुरात लहानपणीच कानावर पडतात. एक तलावाची: बाराव्या शतकात त्यांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, ६८ लिंगं स्थापली. काम मोठंच. पण ऐकताना जीव कुठं अडकत नाही. शाळेच्या निबंधात मात्र छान बसते.

दुसरी कुंभारकन्येची. आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता सांगायची. "तिला लग्न करायचं होतं, ते त्यांच्याशीच. आणि ते तर योगी." इथं ती थांबायची. पान कातरायची, दोरा गुंडाळायची. "मग काय झालं गं आजी?" "मग काय, माझ्या योगदंडाशी लाव म्हणाले लग्न!"

हट्ट आहे, अडचण आहे आणि कुणाच्या डोक्यात येणार नाही असा तोडगा. म्हणून तर दर संक्रांतीला पांढऱ्या बाराबंदीतली माणसं योगदंडाचं प्रतीक असलेले सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलत या लग्नाच्या जागी, संमती कट्ट्याशी येतात आणि अख्खं गाव अक्षता टाकतं. दुसऱ्या दिवशी होमात कुंभारकन्या प्रतीकरूपानं सती जाते. तेवढं आजी घाईनं उरकायची. मला ते अजून खटकतं, म्हणूनच विसरत नाही.

तलावावरून मी रोज जाते, बघतेच असं नाही. अक्षता मात्र चुकवत नाही.