पेठेतल्या वाचनालयातली पुस्तकचर्चा, जमेल त्याने नक्की जा

आमच्या वाचनालयात गेले चार महिने दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेपाचला पुस्तकचर्चा असते, पुस्तक एकच, सोबत एक अभ्यासक आणि आपण घरून वाचून यायचं. सध्या पुस्तक आहे इरावतीबाई कर्व्यांचं युगान्त, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. मला वाटलं व्याख्यानच असणार, वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची, पुण्याला ऐकायची सवय पिढ्यानपिढ्यांची, शेवटी चिठ्ठीवर प्रश्न द्यायचा नि घरी. इथे तसं अजिबात नाही. मॅडम संस्कृतच्या रिटायर्ड प्राध्यापक, पहिल्याच दिवशी म्हणाल्या मत नंतर, आधी पान सांगा.

मयसभेच्या दिवसाचं सांगते. एक काकू म्हणाल्या, द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' असं बोलली म्हणून तर पुढचं सगळं झालं ना! बऱ्याच माना डोलल्या, माझीसुद्धा, टीव्हीवर तेच बघत मोठे झालो. मॅडमनी वाद घातला नाही, पिशवीतून भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा सभापर्वाचा जाडजूड खंड काढला, युगान्तला आधार याच आवृत्तीचा आहे. 1919 ला सुरू झालेलं काम 1966 ला पुरं झालं, 1259 पोथ्या ताडून. वर श्लोक, खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत काय पाठ. दुर्योधन पाण्यात पडतो तिथे हसणारे कोण तर भीम, अर्जुन, नकुल-सहदेव. द्रौपदीचं नावच नाही! मग पुढचे दोन-तीन अध्याय उलटले, दुर्योधन बापाकडे तक्रार करतो तिथे मात्र द्रौपदीही बायकांबरोबर हसली असं तो सांगतो, आणि ते आंधळ्याचं वाक्य तिच्या तोंडी तिथेही नाही. काकूंनी खंड स्वतःकडे ओढून घेतला, ओळीवर बोट ठेवून परत वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे दुर्योधनाचं म्हणणं झालं." पुढचा अर्धा तास नुसता कल्ला, कोण सांगतंय हे बघायचं की नाही यावरच. मी युगान्त आधी दोनदा वाचलंय, पण घरी येऊन मयसभेचं प्रकरण परत काढलं आणि खांडववनाच्या जाळपोळीपाशी जी थांबले ती रात्री अकरापर्यंत.

आता खटकलेलं. माणसं पंचवीस आणि वाचनालयाच्या प्रती पाच, त्यामुळे निम्मे लोक न वाचताच येतात आणि मग चर्चा ऐकीव गोष्टींवर घसरते. प्रकरणाची झेरॉक्स आठवडाभर आधी काउंटरवर ठेवली तरी भागेल. एक गृहस्थ दरवेळी पंधरा मिनिटं एकटेच बोलतात, मॅडम भिडस्त, त्यांना थांबवत नाहीत, ते आयोजकांनी करायला हवं. आणि कॉलेजची मुलं जेमतेम दोन दिसतात, त्याचं फार वाईट वाटतं.

सभासदांना फी नाही, काउंटरवर नाव लिहायचं. जिना अरुंद आहे, गुडघेदुखीवाल्यांनी जरा लवकर या, खालची खोलीही उघडून देतात. पुढच्या महिन्यात कर्णाचं प्रकरण आहे, वाचून या.