शुगर कोणी बघायची, स्टाफ नर्सने की असिस्टंटने?

हा विषय निघाला की वॉर्डात दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते बोटाला टोचायला कशाला हवी रजिस्टर्ड नर्स, दुसरी म्हणते नर्सच्या हाताखालच्या असिस्टंटला शुगरच्या मशीनला हातच लावू देऊ नका. मी दोन्ही पद्धतींच्या वॉर्डात काम केलंय, तुमच्याकडे हे ठरवायचं चाललं असेल तर माझं मत सांगते. आधी तुमच्याकडचा नियम बघा मात्र, काही ठिकाणी असिस्टंटला हे काम करायची परवानगीच नसते, मग प्रश्नच मिटला.

नुसतं टोचायचं म्हटलं तर दोघींत काही फरक नाही. उलट रोज वीस-पंचवीस प्रिक करणाऱ्या असिस्टंटचा हात चांगला बसलेला असतो, बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचते, बोट पिळत बसत नाही, स्ट्रिपची डबी लगेच बंद करते. नर्सला नेमकी तेव्हाच कोणाची तरी ड्रिप संपल्याची हाक येते, तेवढ्यात राउंड सुरू होतो, आणि जेवणाआधीची शुगर अर्धं जेवण झाल्यावर बघितली जाते, मग त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस काय ठरवणार, कपाळ! वेळ पाळण्यात असिस्टंट सरळ पुढे.

खरी गोची आकडा आल्यावर. एकदा असिस्टंट पळत आली, सिस्टर ३४०! रोज दीडशेच्या आसपास असणारा पेशंट. बेडजवळ गेले तर चादरीवर संत्र्याची सालं पडलेली. हात साबणाने धुवून, कोरडे करून परत टोचलं, १६२. तिला बोलून उपयोग नव्हता, आधी हात धुवायला लावायचे हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. पण आकडा खटकायला कालचा चार्ट डोक्यात असावा लागतो, आणि तो नर्सच्या असतो. तसंच बीपी पडलंय, हातपाय गार आहेत, अशा पेशंटचं बोटाचं रीडिंग भरवशाचं नसतं, शिरेतलं रक्त लॅबला पाठवावं लागतं, हे असिस्टंटने ओळखावं ही अपेक्षाच चुकीची.

हायपोचंही, म्हणजे शुगर फार खाली जाण्याचंही, तेच. ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीत, नीट गिळतोय, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाजून १५ मिनिटांनी परत बघायचं, एवढं कोणालाही शिकवता येतं. गुंगीत असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, तिथे नर्सच हवी. आणि मी बघितलेला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ५८ चा आकडा चिठ्ठीवर लिहून बाकीचे सहा बेड उरकून मग काउंटरवर आणून देणं. चिठ्ठीवर १२ नंबर बेडचा २१ पण होतो, ते वेगळंच.

म्हणून माझी वाटणी अशी: गोळ्यांवरचे स्थिर पेशंट बिनधास्त असिस्टंटकडे द्या. इन्सुलिनची ड्रिप चालू असलेले, उलट्या होणारे, उपाशी ठेवलेले, नुकतंच स्टिरॉइड सुरू केलेले, हे नर्सकडेच. मधले जे जेवणाआधी इन्सुलिन घेतात त्यांची शुगर असिस्टंटने बघितली तरी चालेल, पण इंजेक्शन देणारीने मशीनच्या मेमरीतला आकडा स्वतः बघायचा, ऐकीव आकड्यावर सुई नाही.

असिस्टंटला काम देणार असाल तर ७० च्या खाली आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर काहीही आलं की बेड न सोडता हाक मारायची, हे लेखी द्या. बोटाला टोचायचं पेन एकाचं दुसऱ्याला कधीच नाही, सुई बदलली तरी नाही, हिपॅटायटिस बी असाच पसरलेला आहे, मशीनसुद्धा दर पेशंटनंतर पुसायचं. आणि रात्री एक नर्स दोन मजले सांभाळत असेल तर पहाटे तीनच्या शुगरचा हा प्रयोग करूच नका, हाक मारली तरी ऐकणार कोण?